गेल्या वर्षाची खूण : उत्तरेकडील जंगलांतील ‘स्पिन्युलम अ‍ॅनोटिनम’ कसे ओळखावे

पुण्याहून मुलांकडे स्वीडन, फिनलंड किंवा कॅनडात दोन-तीन महिने राहायला जाणारे आई-वडील आता घरोघरी आहेत. त्यांपैकी ज्यांना वेताळ टेकडीवर किंवा सिंहगडाच्या वाटेवर फिरताना पायाखालच्या हिरवळीकडे पाहण्याची सवय आहे, त्यांना तिकडच्या स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाच्या जंगलात गेल्यावर एक वनस्पती हमखास अडवते. मॉसच्या गादीतून वर आलेल्या, वीतभर उंचीच्या, बाटली धुण्याच्या ब्रशासारख्या दिसणाऱ्या तिच्या उभ्या फांद्या पाहून कोणी तिला स्प्रूसचे रोप समजते, कोणी मोठ्या जातीचे मॉस समजते आणि कोणी नुसता फोटो काढून कुटुंबाच्या ग्रुपवर ‘हे काय असेल?’ असे विचारते. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले असल्यामुळे हे फोटो शेवटी माझ्याकडे येतात. बहुतेक फोटो वरून काढलेले असतात आणि बहुतेकांवरून काहीही ठरवता येत नाही. म्हणून, या वनस्पतीची जात स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटांनी कशी निश्चित करावी, हे येथे क्रमाने लिहीत आहे.

ही वनस्पती मॉस नाही. मॉसला पाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या वाहिन्या नसतात. हिला असतात, आणि खरे खोड, खरी मुळे व पानेही असतात. मात्र फूल, फळ आणि बी नसल्यामुळे तिचा वंश बीजाणूंवर, म्हणजे भुकटीसारख्या सूक्ष्म कणांवर चालतो. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र घेतलेल्यांना ‘लायकोपोडियम’ हे नाव आणि त्याच्या खोडाच्या आडव्या छेदाची लाल रंग चढवलेली स्लाइड आठवत असेल. ही त्याच कुळातील, म्हणजे क्लबमॉसच्या कुळातील एक जात होय. लिनियसने १७५३ मध्ये तिला ‘लायकोपोडियम अ‍ॅनोटिनम’ असे नाव दिले. लायकोपोडियम म्हणजे ग्रीक शब्दांनुसार लांडग्याचे पाऊल, आणि अ‍ॅनोटिनम म्हणजे लॅटिनमध्ये ‘गेल्या वर्षाचे’. अमेरिकन अभ्यासक आर्थर हेन्स यांनी २००३ मध्ये तिच्यासाठी ‘स्पिन्युलम’ ही वेगळी प्रजाती मांडली. स्पिन्युलम म्हणजे बारीक काटा. जुन्या पुस्तकांत व संग्रहांत पहिले नाव आढळते, नव्या याद्यांत दुसरे, वनस्पती एकच. ओळखण्याच्या कामाला या नावांची मदत अशी, की दोन्ही शब्दांत एकेक लक्षण दडलेले आहे : एक गेल्या वर्षाची खूण आणि दुसरे पानाच्या टोकाचा काटा. ही दोन लक्षणे आणि शंकूची, म्हणजे फांदीच्या टोकावरील बीजाणूंच्या कणसाची ठेवण, अशा तिन्ही गोष्टी एकाच झाडावर एकत्र पाहिल्याखेरीज नाव उच्चारू नये, असे माझे मत आहे. एकेकटे लक्षण फसवते; त्याचा माझा अनुभव पुढे सांगितलाच आहे.

पुण्यात करून जाण्याची तयारी

विमानात बसण्यापूर्वी डोळ्याला थोडा सराव द्यावा. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात किंवा सिंहगडाच्या ओल्या दरडींवर ‘सिलॅजिनेला’ ही क्लबमॉसची दूरची नातेवाईक भरपूर उगवलेली असते. देवळांबाहेर आणि यात्रांत ‘संजीवनी’ म्हणून जो वाळका, मुठीसारखा मिटलेला आणि पाण्यात ठेवताच उलगडणारा गुच्छ विकला जातो, तोही बहुधा सिलॅजिनेलाचीच एक जात असतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे, ते डोळ्याला अगदी चिकटवून धरावे आणि फांदी भिंगाजवळ आणावी. भिंग फांदीजवळ धरून स्वतः दूर उभे राहण्याची आपल्याकडे जी सवय असते, तिच्यामुळे निम्मे तपशील सुटतात. आपल्याकडील बहुतेक सिलॅजिनेलांच्या चपट्या फांदीवर दोन आकारांची पाने दिसतील : कडेच्या दोन रांगांतील मोठी आणि मधल्या दोन रांगांतील लहान. फांदीच्या टोकाला चौकोनी छेदाचा छोटा शंकू असेल. आता हे चित्र मनात ठेवावे, कारण आपण जिच्या शोधात आहोत तिच्या उभ्या फांदीवर सगळी पाने एकाच घडणीची, सर्व बाजूंना पसरलेली असतात आणि तिचा शंकू गोल असतो.

ज्यांना नमुने पाहण्याची हौस आहे त्यांनी कोरेगाव पार्कमधील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात किंवा आघारकर संशोधन संस्थेत आधी रीतसर परवानगी काढून वनस्पतिसंग्रह पाहावा. तेथे विशिष्ट जात सापडेलच असे नाही, परंतु वाळवलेल्या नमुन्याखालच्या चिठ्ठीवर जागा, तारीख, उंची आणि अधिवास कसा लिहितात हे एकदा पाहिले, की स्वतःच्या नोंदी आपोआप सुधारतात.

कोठे आणि केव्हा शोधावे

स्पिन्युलम अ‍ॅनोटिनम उत्तर गोलार्धाच्या वरच्या पट्ट्यात, म्हणजे युरोप, आशिया आणि उत्तर अमेरिका या तिन्ही खंडांत पसरलेली आहे. तिला सूचिपर्णी जंगलातील ओलसर, सावलीची, आम्लधर्मी माती मानवते. स्प्रूसची दाट छाया, खाली जंगली ब्लूबेरीची गुडघ्याएवढी झुडपे, त्यांच्यामध्ये मॉसची जाड गादी आणि जवळपास एखादी पाणथळ खोलगट जागा असे दृश्य दिसले, की चालण्याचा वेग कमी करावा. कोरड्या, उघड्या, पाइनच्या वाळूमय जमिनीवर किंवा रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या उतारावर क्लबमॉस दिसली, तर ती दुसरी जात असण्याची शक्यता अधिक. अर्थात, जागेवरून जात ठरत नाही. जागेवरून फक्त अपेक्षा ठरते.

याच गादीत ‘हायलोकोमियम स्प्लेंडेन्स’ नावाचे एक देखणे मॉस असते, ज्याची दर वर्षीची नवी पिसासारखी फांदी गेल्या वर्षीच्या फांदीच्या पाठीतून निघते आणि त्यामुळे त्याच्या पायऱ्या मोजता येतात. आपल्या वनस्पतीच्या अंगावरही वर्षे मोजता येतात, पण वेगळ्या रीतीने. एकाच जमिनीवर दोन निराळ्या कुळांतील वनस्पतींनी वर्षांचा हिशेब आपापल्या लिपीत लिहून ठेवावा, ही मला त्या जंगलातील सर्वांत लोभस गोष्ट वाटते.

वनस्पती सदाहरित असल्यामुळे बर्फ नसेल तेव्हा ती कधीही दिसते. तरीही जुलैअखेरपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ उत्तम, कारण तेव्हा फांद्यांच्या टोकांवर चालू वर्षाचे शंकू असतात. शंकू नसलेली फांदीही ओळखता येते, पण खात्री एक पायरी खाली उतरते.

पाहण्याचा क्रम

प्रथम वाकावे आणि उभ्या फांदीच्या बुंध्याशी असलेले मॉस बोटाने हलकेच बाजूला करावे. उभ्या फांद्या स्वतंत्र रोपे नसतात. जमिनीच्या पृष्ठभागावर, मॉसच्या आणि गळलेल्या सुयांच्या थराखाली, एक लांब, तारेसारखे चिवट आडवे खोड धावत असते आणि त्यावरून अंतराअंतराने त्या वर येतात. हे खोड मीटरभर किंवा त्याहूनही लांब असू शकते. ते डोळ्यांनीच मागे-पुढे पाहावे, ओढू नये. कारण ते अधूनमधून बारीक मुळांनी जमिनीला धरून असते आणि एका झटक्यात दहा-वीस वर्षांची वाढ हातात येऊ शकते. आडवे खोड पृष्ठभागावर आहे याची खात्री झाली, की स्प्रूसची रोपे आणि मोठी मॉस दोन्ही बाद होतात. पृष्ठभागावर खोडच नसेल आणि उभी फांदी लहानशा झाडासारखी फांदलेली असेल, तर उत्तर अमेरिकेत ती ‘डेंड्रोलायकोपोडियम’ असू शकते. तिचे आडवे खोड जमिनीत खोल असते.

मग उभ्या फांदीकडे यावे. तिची उंची साधारण १० ते ३० सेंटिमीटर असते. पानांसह जाडी एक ते दीड सेंटिमीटर भरते; दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटर व्यासाचे असते, म्हणजे त्या नाण्याच्या रुंदीत दोन फांद्या शेजारी शेजारी बसतील. फांदी एक तर सरळ एकच असते, नाही तर एक-दोनदा दुभागलेली असते. आता नजर खालून वर सावकाश न्यावी. पाने सगळीकडे बाहेर पसरलेली, काही तर किंचित खाली वळलेली दिसतात. आणि मग अचानक एका जागी ती आखूड होऊन खोडाला चिकटून उभी राहतात, जणू फांदीला तेथे दोऱ्याने हलकेच आवळले आहे. दोन-चार मिलिमीटरनंतर पाने पुन्हा लांब होतात आणि पुन्हा पसरतात. ही फांदीची कंबर म्हणजेच नावातील ‘गेल्या वर्षाची खूण’ होय. इंग्लंड-स्कॉटलंडमधील लोक या वनस्पतीला ‘खंडित क्लबमॉस’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात तेही याच कंबरेमुळे.

ही कंबर का पडते हे कळले, की ती शोधणे सोपे जाते. उत्तरेकडील उन्हाळा आखूड. हंगाम संपत आला, की फांदीचे टोक वाढ आटोपते घेते. शेवटची पाने लहान राहतात आणि कोवळ्या टोकाभोवती मिटून त्याची हिवाळी कळी तयार होते. बर्फ वितळल्यावर टोक पुन्हा वाढू लागते आणि नवी पाने पूर्ण लांबीची येतात, परंतु ती आखूड, मिटलेली पाने आपल्या जागी तशीच राहतात. म्हणून दोन कंबरांमधील भाग म्हणजे एका वर्षाची वाढ. चार कंबरा मोजल्या, तर त्या फांदीने निदान चार हिवाळे काढले आहेत. खालचे वर्ष गडद हिरवे, कधी तपकिरीकडे झुकलेले आणि वरचे वर्ष फिकट, पोपटी असा रंगातील फरकही ऑगस्टमध्ये सहज दिसतो. उसाच्या पेरावर गाठ फुगलेली असते. येथे त्याच्या उलट, पेर संपते तेथे फांदी बारीक होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुरते.

तिसरी पायरी पानाची, आणि येथे घाई करू नये. फांदीच्या मधल्या भागातील एक पान निवडावे. टोकाजवळचे नको आणि कंबरेजवळचे तर मुळीच नको. ते ५ ते १० मिलिमीटर लांब, साधारण एक मिलिमीटर रुंद, अरुंद भाल्यासारखे आणि ताठ असते. आधी बोटाची परीक्षा करावी. फांदी दोन बोटांत अलगद धरून बोटे वरून खाली, म्हणजे पानांच्या टोकांविरुद्ध न्यावीत. टोके स्पष्टपणे टोचतात. रक्त निघण्याइतकी नव्हे, पण नव्या खराट्यावर तळहात टेकवल्यासारखी. त्यानंतर भिंग घ्यावे आणि पान आकाशाच्या उजेडासमोर धरावे. दोन गोष्टी पाहायच्या आहेत. एक, पानाचे टोक एका ताठ, बारीक काट्यात संपते. त्यापुढे पांढरा, मऊ केस नसतो. दोन, पानाच्या कडेवर, विशेषतः वरच्या निम्म्या भागात, अगदी बारीक दाते असतात. करवतीसारखे मोठे नव्हे. विळीच्या धारेला बारीक खाचा पडल्या असाव्यात तसे. मंद प्रकाशात ते दिसत नाहीत. स्प्रूसच्या दाट छायेत मी अनेकदा मोबाइलचा टॉर्च पानाच्या मागून लावते, तेव्हा कडेचे दाते उजेडात उठून दिसतात.

केसाच्या या मुद्द्यावर जरा थांबणे आवश्यक आहे, कारण सर्वांत जास्त गल्लत येथेच होते. ‘लायकोपोडियम क्लॅव्हॅटम’ ही दुसरी जात त्याच प्रदेशांत उगवते, आडवी पसरते आणि पहिल्या नजरेला तशीच हिरवी, केसाळ दोरी भासते. तिच्या प्रत्येक पानाच्या टोकाला लांब, पांढुरका, लवचीक केस असतो. त्यामुळे तिच्या वाढत्या टोकांना मांजराच्या पंजासारखा मऊ, रुपेरी स्पर्श येतो. बोट फिरवले असता ती टोचत नाही, गुदगुल्या करते. जुन्या फांदीवरचे केस कधी कधी झडलेले असतात. म्हणून केस आहेत की नाहीत हे नेहमी सर्वांत कोवळ्या टोकावर पाहावे.

चौथी आणि निर्णायक पायरी शंकूची. स्पिन्युलमच्या पानेदार फांदीच्या टोकावर एकच शंकू थेट बसलेला असतो. फांदी आणि शंकू यांच्यामध्ये देठ नसतो. लांबी साधारण दीड ते तीन सेंटिमीटर, जाडी चार-पाच मिलिमीटर. वाण्याकडची लेंडी पिंपळी पाहिलेल्या माणसाला या आकाराचे आणखी वर्णन करण्याची गरज नाही. कोवळेपणी तो हिरवट असतो, पिकताना पिवळा होतो आणि बीजाणू उधळून झाल्यावर गवतासारखा तपकिरी होऊन पुढेही बराच काळ टिकतो. भिंगाखाली पाहिल्यास तो रुंद, खवल्यांसारख्या पानांनी मढलेला दिसतो. ही बीजाणू धारण करणारी पाने खालच्या पानांहून वेगळी, पसरट आणि एकदम निमुळत्या टोकाची असतात. प्रत्येकाच्या बगलेत मूत्रपिंडाच्या आकाराची एकेक बीजाणूधानी, म्हणजे बीजाणूंची पिशवी असते.

क्लॅव्हॅटमच्या शंकूची ठेवण याच्या अगदी उलट असते. पानेदार फांदीतून एक लांब, बारीक देठ वर येतो, त्यावर विरळ, खोडाला चिकटलेली बारीक पाने असतात आणि त्याच्या टोकाला बहुधा दोन किंवा तीन, क्वचित एक शंकू असतो. देठ आहे की नाही, हा एक प्रश्न विचारला तरी दोन जाती वेगळ्या होतात. उत्तरेकडील थंड प्रदेशात एकच शंकू आणि केसाळ पाने असलेली ‘लायकोपोडियम लॅगोपस’ हीदेखील भेटते. तिथेही केस पाहिला की प्रश्न सुटतो.

शंकू पिकला असेल तर खाली काळा कागद किंवा मोबाइलचा काळा पडदा धरून टिचकी मारावी. फिकट पिवळी, अतिशय मुलायम भुकटी पडते. हे बीजाणू. ही भुकटी पाणी इतके झिडकारते, की पाण्यावर तिचा थर पसरून बोट बुडवले तर ते कोरडेच बाहेर येते. पुणेकरांचा या भुकटीशी दोन वाटांनी परिचय आहे. होमिओपॅथीच्या दुकानात मिळणारे ‘लायकोपोडियम’ हे क्लॅव्हॅटमच्या बीजाणूंपासून करतात, आपल्या या जातीपासून नव्हे. दुसरी वाट अप्पा बळवंत चौकातील झेरॉक्सच्या दुकानांतून जाते : २२ ऑक्टोबर १९३८ रोजी चेस्टर कार्लसन यांनी जगातील पहिली झेरॉक्स प्रत काढली, तेव्हा शाईच्या जागी पट्टीवर लायकोपोडियमची भुकटीच भुरभुरली होती. ही टिचकीची परीक्षा मात्र जात ओळखण्यासाठी नाही; तिच्यामुळे शंकू बीजाणूंचा आहे, सुकलेली कळी नाही, एवढेच सिद्ध होते.

जिने मला फसवले ती

काही वर्षांपूर्वी ऑंटॅरिओत राहणाऱ्या माझ्या भाचीने एका ओल्या जंगलातील फोटो पाठवला. फांदीवर तीन स्वच्छ कंबरा दिसत होत्या, पाने बाहेर पसरलेली होती, कडेला दातेही असावेत असे वाटत होते. मी चहाचा कप हातात असतानाच ‘स्पिन्युलम अ‍ॅनोटिनम’ असे उत्तर टाकून मोकळी झाले. दोन दिवसांनी तिचा फोन आला. ‘मावशी, तू सांगितलेस तसे कणीस मी सगळीकडे शोधले. याला कणीसच नाही. पानांच्या बेचक्यात मात्र पिवळे पिवळे दाणे आहेत.’ तेथेच माझी चूक माझ्या पदरात पडली. ती ‘हुपर्झिया ल्युसिड्युला’ होती, म्हणजे पूर्व उत्तर अमेरिकेतील चकचकीत पानांची क्लबमॉस.

हुपर्झियाला शंकू नसतो. बीजाणूधान्या फांदीवरील साध्या हिरव्या पानांच्याच बगलेत, पट्ट्यापट्ट्याने असतात, आणि ल्युसिड्युलाच्या फांदीवर हिवाळी कळीमुळे कंबराही ठळक पडतात. शिवाय तिच्या फांद्यांचा खालचा भाग जमिनीवर लोळत असल्यामुळे आडवे खोड आहे असा भास होतो. मात्र दूरवर धावणारे, वेगळे आडवे खोड तिला नसते. पान नीट पाहिले असते, तर शंकूची वाट पाहावी लागली नसती. ल्युसिड्युलाचे पान मध्याच्या वर सर्वांत रुंद असते आणि तेथे मोजके, मोठे, अनियमित दाते असतात. अ‍ॅनोटिनमचे पान टोकाकडे निमुळते होत जाते आणि त्याचे दाते बारीक असतात. हुपर्झियाच्या टोकाजवळ चपट्या, पानासारख्या कळ्याही असतात; स्पर्श होताच त्या गळतात आणि त्यांतून नवी रोपे उगवतात. अशा कळ्या स्पिन्युलमला कधीच नसतात. त्या दिवसापासून मी कंबर पाहून आनंदित होते, पण नाव सांगत नाही.

युरोपात व उत्तरेकडे इतरत्र ‘हुपर्झिया सेलागो’ भेटते. ती झुबक्याने उभी वाढते, तिची फांदी पुन्हा पुन्हा समान दुभागते, पाने बहुधा अखंड कडांची असतात आणि कंबरा दिसत नाहीत. तिच्याशी गोंधळ होण्याचे कारण फारसे नाही. फांद्या चपट्या, सरूच्या झाडासारख्या आणि पाने खवल्यांएवढी असतील तर ते ‘डिफॅसिअ‍ॅस्ट्रम’. दलदलीत अगदी जमिनीलगत सरपटणारी, मऊ आणि बोटभर उंचीचे शंकूधारी कोंब काढणारी ‘लायकोपोडिएला’. ‘पॉलिट्रिकम’ हे ताठ मॉस दुरून फसवते, परंतु हवा कोरडी झाली की त्याची पाने खोडाला चिकटतात आणि त्याची बीजाणूंची डबी केसासारख्या बारीक दांड्यावर उभी असते.

खरी अडचण ‘स्पिन्युलम कॅनडेन्स’ची आहे. तिला पूर्वी आपल्याच जातीचा एक प्रकार मानत आणि काही अभ्यासक अजूनही तसेच मानतात. ती अधिक उत्तरेकडे किंवा अधिक उंचावर, उघड्या जागी वाढते. तिची पाने आखूड, वर वळून खोडाजवळ राहणारी आणि अखंड कडांची असतात, त्यामुळे फांदी ब्रशासारखी न दिसता जाड सुतळीसारखी दिसते. येथे कंबर, काटा आणि शंकू तिन्ही जुळतात. वेगळेपणा फक्त पानाची दिशा आणि कड यांत आहे. म्हणूनच दाते पाहण्याची तिसरी पायरी वगळून चालत नाही. पाने अर्धवट वर वळलेली आणि दाते एखाददुसरेच, अशी फांदी मिळाली तर ‘स्पिन्युलम, जात अनिश्चित’ असे लिहावे. त्यात कमीपणा नाही.

हात आवरता घ्यावा

स्वीडनमध्ये जंगलातून फिरण्याचा हक्क सर्वांना आहे, परंतु क्लबमॉसच्या सर्व जाती तेथे संरक्षित असून त्या मुळासकट उपटण्यास आणि विक्रीसाठी गोळा करण्यास मनाई आहे. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशाच्या पाचव्या परिशिष्टातही लायकोपोडियम समाविष्ट आहे. कायदा बाजूला ठेवला तरी कारण साधे आहे : बीजाणूपासून तयार होणारी पिढी जमिनीखाली, बुरशीच्या आधाराने, अनेक वर्षे न दिसता जगते आणि मगच वर पहिली फांदी येते. डोळ्यांसमोरची हिरवी चटई बहुतेक वेळा एकाच रोपाच्या आडव्या खोडाने वर्षानुवर्षे विणलेली असते. पान तपासायचे असेल तर ते फांदीवर असतानाच भिंगाने पाहावे. आठवण म्हणून तुकडा पिशवीत टाकून पुण्याला आणू नये. वनस्पतींच्या आयातीला भारतात २००३ च्या विलगीकरण आदेशाचे नियम लागू आहेत आणि विमानतळावर त्यावरून वाद घालण्यात काही अर्थ नाही. स्वीडनच्या जंगलात गोचिडीही असतात. गुडघे टेकून भिंगातून पाहणाऱ्याने विजार मोज्यांत खोचावी आणि घरी आल्यावर अंग तपासावे.

फोटो आणि नोंद

फोटो पाच हवेत. पहिला, संपूर्ण चटई व भोवतीचे जंगल. दुसरा, मॉस बाजूला करून दिसणारे आडवे खोड. तिसरा, एका फांदीचा बाजूने, तिच्या उंचीला कॅमेरा आणून काढलेला, ज्यात निदान एक कंबर आणि शेजारी दहा रुपयांचे नाणे स्पष्ट दिसेल. चौथा, पानाचे टोक व कड. भिंग मोबाइलच्या कॅमेऱ्यावर धरले तर हा फोटो चांगला येतो. पाचवा, शंकू व त्याच्या खालचे दोन सेंटिमीटर, कारण देठ आहे की नाही हे तेथेच कळते. यांतला तिसरा आणि पाचवा लोक विसरतात. वरून काढलेले दहा फोटो त्या दोहोंची उणीव भरून काढत नाहीत. फोटोवरून नाव सुचवणारी अ‍ॅप्स हाताशी असतात आणि ती कुळापर्यंत बऱ्याचदा नीट नेतात, परंतु क्लॅव्हॅटम आणि अ‍ॅनोटिनम यांच्यातील केस त्यांना तुम्ही दाखवला तरच दिसतो.

नोंद त्याच जागी, उभ्याउभ्या लिहावी. घरी जाऊन लिहिलेल्या नोंदीत आपण पाहिलेले कमी आणि पुस्तकात वाचलेले जास्त येते. जे दिसले नाही तेही लिहावे. गेल्या खेपेला स्वीडनमधील उपसालाजवळच्या एका स्प्रूसच्या जंगलात मी केलेली नोंद नमुन्यादाखल देते : ‘१९ ऑगस्ट, दुपारी साडेतीन. ओलसर स्प्रूस, खाली ब्लूबेरी व मॉस, जवळ साचलेले पाणी. आडवे खोड पृष्ठभागावर, सुमारे ८० सेंटिमीटरपर्यंत दिसले, पुढे मॉसखाली. उभ्या फांद्या १४ ते १९ सेंटिमीटर, दोन एकदा दुभागलेल्या. कंबरा तीन. पाने पसरलेली, खालची किंचित वळलेली, मधले पान ७ मिलिमीटर. टोकाला काटा, कोवळ्या टोकावरही केस नाही. वरच्या अर्ध्या कडेवर दाते, टॉर्चच्या उजेडात दिसले. शंकू एका फांदीवर, एकटा, बिनदेठाचा, पिवळसर हिरवा, टिचकीने भुकटी पडली नाही. स्पिन्युलम अ‍ॅनोटिनम. काही उपटले नाही.’